हाकेची त्रिज्या

पौष उतरणीला लागला की बेळगावातसुद्धा एखाद्या सकाळी भाताच्या तुसाचा वास येतो. कुठून येतो देव जाणे. आमच्या आळीत ना शेत, ना खळं. पण नाकात हुळहुळतं, एक शिंक येते, आणि मी उठून बसतो तो थेट जोयड्या-सुप्याकडच्या रानात. पायाखाली शेणानं सारवलेली गार जमीन, पाठीवर पेंढ्याची खाज. चहा पुढ्यात निवून जातो.

पेन्शनीत निघालेल्या मास्तराला दोनच उद्योग असतात. सुनेच्या स्वयंपाकाला नावं ठेवणं आणि शब्दांच्या मागं लागणं. मला सून नाही, म्हणून मी शब्दांच्या मागं लागलो आहे. त्यातही एक शब्द असा आहे, की त्याच्या मागं मी लागलो की तो माझ्या मागं लागला, हे मला अजून नीट सांगता येत नाही. तो शब्द म्हणजे त्रिज्या.

आयुष्यभर मी फळ्यावर वर्तुळं काढली. दोरीचं एक टोक फळ्याच्या मधोमध अंगठ्यानं दाबायचं, दुसऱ्या टोकाला खडू बांधायचा आणि गरकन फिरवायचा. मुलं खूश. एकदा एका चुणचुणीत पोरानं विचारलं, “मास्तर, त्रिज्या तर एकच रेघ असते. मग हे ‘त्रि’ कशाला?” मी मास्तरांचं ठरलेलं उत्तर दिलं, “खाली बस.” घरी येऊन मात्र जुनी ज्योतिषाची पोथी उघडली. ज्या म्हणजे धनुष्याची दोरी, पण ज्योतिषी दुप्पट कमानीच्या दोरीचा अर्धा भाग धरतात. आभाळातल्या राशींच्या चक्रात तीन राशींइतक्या कमानीची ज्या काढली, की ती चक्राच्या मध्यापासून कडेपर्यंतच्या अंतराएवढी भरते. तीन राशींची ज्या ती त्रिज्या. आपल्या जुन्या माणसांनी हा शब्द वर बघून केला, अंगणातल्या गाडीच्या चाकाकडं बघून नाही. दुसऱ्या दिवशी त्या पोराला मी हे सांगितलं. तोवर त्याचा प्रश्न शिळा झाला होता.

इंग्रजी पुस्तकात याच रेघेला रेडियस म्हणतात. आमच्या शेजारच्या शाळेत एक म्हातारे पाद्री लॅटिन शिकवत. त्यांना मी विचारलं, तेव्हा ते खुलले. म्हणाले, रोमन लोकांचा हा शब्द आधी साधी काठी होता. मग मोजणीची काठी झाला, विणकराचा धोटा झाला, चाकाचा आरा झाला, आणि सूर्याचा किरणही झाला. कोपरापासून अंगठ्याच्या बाजूनं मनगटापर्यंत येणारं जे हाड आहे, त्याचंही नाव तेच. फ्रेंचांनी त्याचं रेयाँ केलं, त्यात किरण आहे आणि आराही आहे. अरबांचा कारभार सरळ, ते नुसतं ‘अर्धा व्यास’ म्हणतात आणि मोकळे होतात. आणि लॅटिनला तो कुठून मिळाला? पाद्रीबाबांनी हात वर केले. ते कुणालाच ठाऊक नाही म्हणे. मला बरं वाटलं. मोठमोठ्या शब्दांनाही आपलं घर आठवत नाही, मग माणसांचं काय घेऊन बसायचं.

आमच्या कानडीचीही गंमत आहे. जुन्या कानडीत कदिर म्हणजे किरण, आणि सूत काढायची चातीही. कुठं रोम, कुठं आमचा मुलूख. पण उन्हाकडं बघून दोघांनाही सुताचीच आठवण झाली.

असं सगळं गोळा करून मी वहीत लिहितो, आणि पान संपायच्या आत आमचं खळं समोर येतं.

नंदिगड्ड्याच्या अलीकडं, चहूबाजूंनी रान आणि मध्ये भाताच्या चार खाचरांचा तुकडा, एवढंच आमचं गाव. पावसाळ्यात जळवा आणि हिवताप, उन्हाळ्यात वणवे. माणसाला सुखाचे म्हणावे असे दिवस पौषातलेच. भात कापून, उडव्या रचून झालेल्या. खळं सारवून आरशासारखं केलेलं, मधोमध मेढ पुरलेली. मेढीला दोर, दोराला ओळीनं बैल. मेढीजवळ सगळ्यात म्हातारा बैल बांधायचा, कारण त्याला जागच्या जागी वळावं लागतं. कडेला सगळ्यात तरणा, कारण त्याला त्याच वेळात सगळं रिंगण धावायचं असतं. हे गणित आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. पुढं मी ते शाळेत शिकवलं, तेव्हा मुलांना कळेना आणि मला बैलांशिवाय समजावता येईना.

त्या वर्षी मी मॅट्रिकच्या अभ्यासाला म्हणून घरी आलो होतो. अभ्यास कसला, हातात भूमितीचं पुस्तक आणि डोळे खळ्यावर. घरात आम्ही चौघं. वडील, त्यांना आम्ही आप्पा म्हणत असू, गावचे जुने जाणते. थोरला भाऊ अण्णा, अंगानं दांडगा, बोलायला गोड, हट्टी. त्याची बायको शेवंता, माझी वहिनी. लग्नाला बरीच वर्षं होऊन घरात पाळणा नव्हता, म्हणून तिनं उळवीच्या देवाला नवस केला होता. माघातल्या जत्रेला गाडीनं जायचं ठरलं होतं. आणि गाडीचं चाक मोडलं होतं.

चाकं दुरुस्त करायला दरवर्षी गोव्याहून पेद्रू मेस्त यायचा. दिग्गीच्या बाजूनं घाट चढून, पाठीला हत्यारांची पोतडी, गळ्यात क्रूस, तोंडात विडी. तो येताना शीळ घालत यायचा आणि गावातली कुत्री त्याला भुंकायची नाहीत. अंगणात चाक आडवं टाकून त्यानं ते वाजवून पाहिलं. मधला तुंबा चांगला होता, कडेची लोखंडी धाव चांगली होती, आरे मात्र कुजले होते.

“शिसव जाय रे,” तो अण्णाला म्हणाला. “दुसरें लाकूड घालूंक ना. वाटेर मोडलें जाल्यार बायल तुजी चलत वतली उळवेक.”

वहिनी हसली. “चालत जाईन की. न्हाई म्हनलंय कोन?”

आऱ्याला तुमच्याकडं काय म्हणतात, असं मी मेस्ताला विचारलं. शाळा शिकणाऱ्याचा आगाऊपणा. तो म्हणाला, “आमगेर आरोच. पूण आमचो पाद्री पुर्तुगेज उलयता, तो म्हणटा राय. सुर्याचो किरणूय राय, आनी पावसांत पडटा ती वीजूय राय.” एका शब्दात चाक, ऊन आणि वीज. मला तेव्हा त्याची मजा वाटली होती. आता तो शब्द आठवला की मी दिवा मोठा करतो.

शिसव म्हणजे सरकारी झाड. रानात आमच्या वाडवडिलांनी कुऱ्हाडी चालवल्या, पण आता एक फांदी तोडली तरी गार्ड धरायचा. अण्णानं आप्पांना सांगितलं, “वरल्या रानात जातो. गार्ड सांजच्याला नाक्याकडं वळतो, तेवढ्यात आणतो.” आप्पा काही बोलले नाहीत. आमच्या घरात न बोलणं म्हणजे होकार. दुपार कलल्यावर तो खांद्याला कुऱ्हाड लावून गेला. जाताना वहिनीनं त्याच्या हातात भाकरीचं फडकं दिलं, ते तो दारातच विसरला.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. रानाच्या कडेला राहणाऱ्याला हाकांचा फार विचार करावा लागतो. आमच्यात तिन्हीसांजेला रानातून एक हाक आली तर ओ द्यायची नाही. दुसरी आली तरी नाही. तिसरी आली तरच द्यायची. कारण चकव्याला, भुताला, जे काही रानात फिरतं त्याला, तिसरी हाक मारता येत नाही. आणि त्याच्या हाकेला जो ओ देतो त्याला ते रात्रभर रानात गोल गोल फिरवतं, सकाळी माणूस निघाला तिथंच मरून पडलेला सापडतो. म्हणून आमचा माणूस हाक मारताना तीनदा मारतो. पोरांना चालायच्या आधी हे शिकवतात. शहाण्यांनी हसावं. ज्याच्या दाराशी रान संपत नाही त्यानं खुशाल हसावं.

ऊन झाडांच्या शेंड्यांवर गेलं होतं. आप्पा बैलांमागं होते, मी पेंढा वर टाकत होतो, वहिनी कडेचं भात झाडूनं आत लोटत होती. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज इतका एकसारखा चालला होता की तो ऐकूही येत नव्हता. आणि वहिनी एकदम ताठ झाली.

“हाक आली.”

“चल, काम कर,” आप्पा म्हणाले. “पयलीच हाय.”

“ओढ्याकडनं आली.”

“मग तर तेची न्हवंच. त्यो वर गेलाय.”

बैल फिरत राहिले. मग दुसरी आली. ती मीही ऐकली. आवाज अण्णाचा होता. शब्द नव्हता, नुसता लांबवलेला सूर, पण सूर त्याचाच.

वहिनीनं झाडू टाकला. “मामांजी, तेंचाच आवाज हाय. वळकीन न्हवं मी?”

“आवाज तेचाच काडतंय त्ये,” आप्पा म्हणाले. त्यांचा चेहरा पडला होता. “थांब पोरी. माजं आयक. तिसरी येऊं दे. तिसरी आली की मी सोता धावतो.”

आणि तिसरी नीट ऐकू यावी म्हणून त्यांनी कासरा ओढून बैल थांबवले. घुंगरं थांबली. खळ्यावर इतकं शांत झालं की एका बैलाचं रवंथ ऐकू येऊ लागलं. वहिनीनं पदराचा बोळा तोंडात धरला होता. आम्ही उभे राहिलो. अंधार खाचरातून वर चढत आला, रान आणि आभाळ यांच्यातली रेघ पुसली गेली, आणि तिसरी हाक आली नाही.

आप्पांनी सुटकेचा श्वास सोडला. तो मी पाहिला. चकवाच होता, म्हणाले.

अण्णा जेवायच्या वेळेपर्यंत आला नाही, तेव्हा गाव चुडी पेटवून निघालं. सगळे वर गेले, कारण तो वर गेला होता. तो सापडला सकाळी, आणि वर नाही. ओढ्याच्या पलीकडं त्याला जवळच शिसव मिळालं होतं. लांब जायचा त्रास वाचवायचा स्वभावच त्याचा. तोडलेलं झाड वेलींत अडकून उलटं फिरलं होतं आणि तो कमरेपासून खाली त्याच्याखाली होता. अंग गार पडलं होतं. उजवा हात तोंडाशी आडवा राहिला होता, हाक मारताना धरतात तसा. पेद्रू मेस्तानं टोपी काढली, आणि मग त्यानंच पहार लावून ते खोड उचललं. त्या शिसवाचे आरे त्यानं केले नाहीत. कुणी करा म्हणालंही नाही.

नवस राहिला. गाडी पडवीत एका चाकावर वर्षानुवर्षं तिरकी उभी होती. मी बेळगावला आलो, मास्तर झालो, आणि वर्तुळं काढू लागलो.

पण तिसरी हाक का आली नाही, हा प्रश्न आमच्या घरातून हलला नाही. रीत अण्णालाही माहीत होती. दोन हाकांना कुणी ओ देणार नाही हे त्याला आईच्या दुधाबरोबर कळलेलं. मग तो थांबला का? आप्पा म्हणत, श्वास सरला. जो कुणी येईल त्याला ते हेच सांगत, विचारलं नाही तरी सांगत. “तिसरीला तेचा दम पुरला न्हाई. न्हाईतर म्या धावलोच आसतो.” मेस्ताचं म्हणणं, गार्ड ऐकेल म्हणून भ्याला. वहिनी काहीच म्हणायची नाही. आणि मी, गणिताचा मास्तर, रात्री जागून अंतरं मोजायचो. ओढा किती लांब, वारा कुठला, माणसाचा आवाज किती पोचतो. आपल्याकडं ‘हाकेच्या अंतरावर’ म्हणतात, किती जवळचं अंतर म्हणून. मला ते अंतर सगळ्यात लांबचं वाटतं.

पाद्रीबाबांनी तो रोमन शब्द फोडून सांगितला, त्या दिवसापासून एक विचार माझी पाठ सोडत नाही. किरण आणि आरा यांना त्या लोकांनी एकच नाव दिलं, पण त्या दोन गोष्टी एक नाहीत. किरण एका टोकाला कुठंतरी निघतो आणि पुढं जातच राहतो, त्याला कुणी धरलेलं नसतं. आरा दोन्ही टोकांना बसवलेला असतो, आणि त्यावर चाक उभं राहतं. हाकेचंही तसंच आहे. नुसती हाक म्हणजे रानात सोडून दिलेला किरण. पलीकडून ओ आली की मगच ती दोन माणसांमध्ये घट्ट बसते. अण्णाच्या दोन्ही हाका अजून चालल्याच आहेत, असं मला वाटतं. विशेषतः पौषात.

आप्पा मागच्या वर्षी गेले. खूप जगले. शेवटपर्यंत वहिनीनं त्यांचं केलं. तिला माहेरची माणसं न्यायला आली होती, ती गेली नाही. शेती आता चुलत पुतण्या बघतो. या पौषात मी बऱ्याच वर्षांनी मळणीला गेलो. हाडं कुरकुरत होती, पण गेलो.

मी आणि वहिनी जगलीवर, म्हणजे घरापुढच्या ओट्यावर बसलो होतो. तिचे केस पांढरे झाले आहेत, दात मात्र शाबूत. समोर खळ्यावर पुतण्याचे बैल फिरत होते. मी बोललो. म्हटलं, वहिनी, अजून एक गोष्ट कळत नाही मला. आणि तिला कुठली ते विचारावं लागलं नाही.

“तुमास्नी आजून कळलं न्हाई व्हय भावजी?” तिनं माझ्याकडं नवलानं पाहिलं. “येवढी पुस्तकं वाचलासा.”

मी तिच्याकडं वळून बसलो.

“दुसऱ्या दिशी तेस्नी उचलून आणलं. मी मागं ऱ्हायले, त्या झाडापाशी. हिकडं कुनीतर बैलं पाण्यावर सोडली. तितं मला येक येक घुंगूर आयकू येत हुता. आगदी कानाशी वाजल्यागत.” ती थांबली, हातातली सुपारी तिनं पुन्हा पानात ठेवली. “तेनी येक हाक मारली. बैलं चाललीच हुती. दुसरी मारली, आन घुंगरं थांबली. तेस्नी वाटलं, आयकलं. घरातल्यांनी आयकलं, आता येत्यात. मग तिसरी कशाला मारतील?”

ऐकण्यासाठी आम्ही थांबलो, आणि तो आम्ही निघालो असं समजून थांबला. इतकी वर्षं मी वारा मोजत होतो, ओढा मोजत होतो. हे एवढं माझ्या हिशेबात कधी आलं नव्हतं. तो किती वेळ वाट बघत पडला असेल, हा विचार मनात आला आणि मी तो तिथंच दाबला.

“हे आप्पांना कधी सांगितलं नाहीत?”

“न्हाई.”

“इतक्या वर्षांत?”

“दम पुरला न्हाई म्हनून हाक आली न्हाई, ह्येच्यावर मामांजी जगत हुते. तेवढं येक हुतं तेंच्याकडं. काडून घ्यायचं व्हय मी?” ती सहज बोलली. मग हळूच म्हणाली, “लई वेळा ओटावर आलं हुतं. रागानं आलं हुतं. न्हाई बोलले.”

मला रडू आलं. या वयात लाज वाटते, पण आलं. तिनं पाण्याचा तांब्या पुढं सरकवला.

ऊन उतरलं होतं. पुतण्यानं बैल सोडायला घेतले होते, तेवढ्यात ओढ्यापलीकडून हाक आली. एकच. कुणाची ते कळलं नाही, बाईची की पुरुषाची तेही नाही. पुतण्या कासरा धरून जागच्या जागी थबकला. वहिनी मात्र बसल्या जागेवरून, छातीच्या तळापासून ओरडली, “ओऽऽ!”

“काकी!” पुतण्या चिडून म्हणाला. “किती येळा सांगायचं? पयलीच हाक हाय. भुताची आसली म्हंजे?”

“भुताची आसली तर आसू दे,” वहिनी म्हणाली. “त्या भुतांत येक माजं हाय.”

आम्ही तिघंही कान देऊन राहिलो. ओढ्याकडून कुणी आलं नाही, आणि पुन्हा हाकही आली नाही. वहिनी उठून दिवा लावायला आत गेली. मी काठी टेकत उठलो, खळ्याच्या कडेपर्यंत गेलो, आणि या वयात जेवढा आवाज निघेल तेवढ्या आवाजानं ओ दिली.